वलगणीची रात्र आणि नऊशेचा पाईप

ग्रामपंचायतीच्या अर्जात मागणी एवढीच होती: ओढ्यावरच्या फरशीखाली (पाईप घालून केलेल्या ठेंगण्या पुलाखाली) माशांना चढायला पायऱ्या कशा बांधाव्यात, ते सांगावे. गाव दक्षिण रायगडातलं, सह्याद्रीच्या पायथ्याचं. आमचा सल्लागार गट पाचसहा जणांचा. पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले एक अभियंता, मत्स्यशास्त्र शिकवणारे एक जण, एक गवंडी, नदीत पाग, म्हणजे फेकजाळं, टाकण्यात जन्म गेलेले एक काका, आणि मोजमापाला आम्ही दोघं. मानधन नाही आणि बांधकामही आम्ही करत नाही. अडथळा मोजायचा, मासा कुठे अडतो ते पाहायचं आणि दोन पानांचा सल्ला लिहून द्यायचा, एवढंच काम.

अर्ज मेमधला. तेव्हा ओढा कोरडा होता. सोबतच्या फोटोत फरशीखालची पायरी दिसत होती, म्हणून पायऱ्यांची मागणी. कोरड्या ओढ्यात पाण्याची उंची, वेग, खोली यांतलं काहीच दिसत नाही, दिसतं ते फक्त काँक्रीट. मृगाचा पहिला दणका बसला की कळवा, असं आम्ही सांगून ठेवलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री फोन आला, "वलगण लागली."

ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पहिल्या जोरदार पावसात ओढ्यांना गढूळ लोंढा येतो आणि खालच्या डोहांतले मासे अंडी घालायला वर चढू लागतात. ती वलगण. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे यांना चढणीचे मासे म्हणतात. मळ्ये, मुऱ्या, खवल, शिंगटी, वाम असं सगळं निघतं. जोर असतो तो मोजके दिवस, बहुतेक रात्रीचा. तेवढ्यात मासा वर पोचला नाही तर अंडी खालीच पडतात, किंवा पडतच नाहीत. आणि मासा एका जागी अडला की तिथे बॅटऱ्या आणि जाळी घेऊन माणसं जमतात. अडथळा हा आपोआपच सापळा होतो.

पहाटे पोचलो तेव्हा लोंढा ओसरला होता. फरशीत ह्यूम पाईपच्या, म्हणजे सळी घातलेल्या काँक्रीटच्या पाईपच्या, तीन रांगा, ९०० मिलिमीटर व्यासाच्या. पाईप अडीच मीटर लांबीचे येतात, इथे तीन जोडलेले, म्हणजे आतली लांबी साडेसात मीटर. कडेच्या दोन रांगा थोड्या उंचावर, त्यामुळे उतरतीचं सगळं पाणी मधल्या रांगेतून वाहत होतं. पाईपचा तळ खालच्या डोहाच्या पाण्यापासून २५ सेंटीमीटर वर. बांधताना तो ओढ्याच्या तळालाच टेकवलेला असणार. पण पाईपमधून जोरात सुटलेलं पाणी समोरची वाळू-खडी उकरतं, तिथे डोह पडतो आणि पाईपचं तोंड हवेत लटकतं. अशा फरशांचा हा नेहमीचा रोग.

डोहात मासे गच्च होते. आणि इथेच अर्जातली मागणी लंगडी पडली. हातभर लांबीचे खवल सोडाच, वीतभर मळ्येही २५ सेंटीमीटरची उडी मारून पाईपच्या तोंडात शिरत होते. मग तीन-चार सेकंदांत शेपटीकडून बाहेर फेकले जात होते. उडी सगळ्यांना जमत नव्हती हे खरं, पण जमलेल्यांचंही पुढे काही होत नव्हतं.

मोजायला गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि एक लिंबू पुरलं. नळीने पाईपच्या दोन टोकांतला फरक निघाला १५ सेंटीमीटर, म्हणजे साडेसात मीटरला २ टक्के उतार. लिंबू अशासाठी की ते जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, वारा त्याला ढकलत नाही. वरच्या तोंडाशी सोडलेलं लिंबू पावणेचार सेकंदांत बाहेर. पृष्ठभागाचा वेग झाला सेकंदाला २ मीटर. सरासरी काढायला त्याला ०.८५ ने गुणायचं, म्हणजे १.७ मीटर. खोली १० सेंटीमीटर. प्रवाह सेकंदाला सुमारे ६५ लिटर.

आता माशाची बाजू. ढोबळ हिशेब असा की जिवाच्या आकांताने पोहणारा मासा सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या दहापट अंतर कापतो, आणि तेही काही सेकंदच. दहा सेंटीमीटरचा मासा म्हणजे १ मीटर. समोरून १.७ मीटरने पाणी येतंय, तर तो पुढे जाण्याऐवजी मागेच सरकणार. २५ सेंटीमीटरच्या माशाला गणिताने वाट आहे, पण पाण्याची खोली दहाच सेंटीमीटर, त्यात त्याची पाठ जेमतेम बुडते आणि शेपटीला पुरतं पाणी मिळत नाही. नुसत्या पायऱ्या बांधल्या असत्या तर आणखी मासे पाईपपर्यंत पोचून तिथून परतले असते. पंचायतीचे पैसे पाण्यात, तेही वाहत्या.

पाईपच्या आत लाकडी वा काँक्रीटचे आडवे अडथळे ठोकावेत, ही सूचना गावातूनच आली. आम्ही नको म्हणालो. ह्यूम पाईपची भिंत पातळ असते, त्यात भोकं पाडली की आतल्या सळीला पाणी लागतं आणि गंज सुरू होतो. शिवाय वाहून आलेल्या फांद्या नेमक्या तिथेच अडकतात. न्यूझीलंडमध्ये शिंपल्यांच्या शेतीतला झुपकेदार दोर पाईपमध्ये सोडतात, त्याला धरून लहान मासे चढतात. पण तिथले काही मासे ओल्या कातळावर चढणारे आहेत. इथल्या सगळ्याच माशांकडून ती अपेक्षा करू नये.

दुसरा मार्ग म्हणजे पाणीच खालून चढवायचं. पाईपच्या पुढे बांध घालून डोहाची पातळी इतकी वाढवायची की पाईपमध्ये वरच्या टोकापर्यंत खोल पाणी राहील. खोली वाढली की वेग आपोआप उतरतो.

ताबडतोबीचं साहित्य गावाकडे होतं, आणि हातखंडाही. वनराई बंधारा ज्यांनी घातलाय त्यांना गोणी कशी लावायची हे शिकवावं लागत नाही. फरक दोनच सांगितले. गोणीत माती नको, जाड वाळू भरा. माती विरघळून गोणी बसते आणि पाणी गढूळ करते. आणि दोन-तृतीयांशच भरा. गच्च भरलेली गोणी गोल होते, शेजारणीला चिकटत नाही, फटीतून पाणी निसटतं. तोंड दुमडून खाली दाबायचं, विटांसारखे सांधे मोडायचे, मध्यभागी दहा सेंटीमीटरचा खोलगट भाग ठेवायचा, म्हणजे पाणी कमी झालं तरी एका जागी जाड धार राहते.

दुपारपर्यंत पातळी पाईपच्या तळापासून २५ सेंटीमीटर वर आली. पाईपच्या तोंडाचा तळ बुडाला, बाहेरून सगळं शांत. काम झालं असं सगळ्यांना वाटलं. बॅटरी मारून आत पाहिलं तर तोंडापासून दोन मीटरवर पाणी उसळत होतं. खालचे दोन मीटर संथ, त्यापलीकडे तेच पातळ, धावतं पाणी. वेगवान प्रवाह संथ पाण्यावर आदळला की अशी उसळी बसते, आणि ती मागे ढकलायला पुरेशी खोली लागते. इथल्या प्रवाहाला ती साधारण २० सेंटीमीटर. एवढी खोली पाईपच्या वरच्या टोकालाही हवी असेल तर तिथला तळ १५ सेंटीमीटर वर आहे हे धरून खालची पातळी ३५ ठेवायला हवी. दहा सेंटीमीटर कमी पडले होते. बाहेरून पाहून हे कुणालाच कळलं नसतं.

आणखी एक थर चढला. उसळी हळूहळू मागे सरकत वरच्या तोंडातून निघून गेली. वेग पुन्हा मोजला, ०.६ मीटरच्या आसपास.

पण आता डोहापासूनची एकूण चढण ६० सेंटीमीटर झाली. एकाच बांधावरून एवढी उडी म्हणजे नवा अडथळा. म्हणून खाली आणखी तीन बांध घातले आणि प्रत्येकी १५ सेंटीमीटरच्या चार पायऱ्या केल्या. दोन बांधांमध्ये गुडघाभर पाणी हवं, मासा तिथे दम खातो आणि उडीला जोरही तिथूनच घेतो. सगळ्या मिळून १२० गोण्या लागल्या.

अंधार पडल्यावर वरच्या तोंडाशी लाल कागद लावलेली बॅटरी घेऊन बसलो. पांढऱ्या उजेडाला मासा बुजतो. सव्वानऊला पहिला मळ्या पाईपमधून वर निघाला, मागोमाग दोन. काका नुसतं "गेलं" एवढंच म्हणाले. मुऱ्यांनी पायऱ्यांचा मान न ठेवता गोण्यांच्या ओल्या कडेने सरपटत स्वतःची वाट काढली. शिंगटी उशिरा, पाणी आणखी उतरल्यावर.

लेखी सल्ल्यात गोण्या नाहीत, त्या पुढच्या लोंढ्यात जाणारच. दिला आहे तो दगडी उतार: ६० सेंटीमीटर चढण, ९ मीटर लांबी, म्हणजे पंधराला एक, त्यात दीड-दीड मीटरवर दगडांच्या सहा ओळी, प्रत्येकीला १० सेंटीमीटरचीच पायरी. दगड ५० ते ६० सेंटीमीटरचे, एक-तृतीयांश तळात गाडलेले. मोठा पूर फरशीवरूनच कोसळतो, तेव्हा वरवर ठेवलेला दगड टिकत नाही. कडा मध्यापेक्षा उंच ठेवायच्या, मुऱ्यांसाठी तिथे पाण्याचा पातळ थर राहतो. फटी भरायला लहान खडी, वाळू आणि मुरूम पाण्याने आत मुरवायचा. हे टाळलं की पाणी दगडांखालून जातं, वर उतार कोरडा आणि मासे खाली. यात सगळ्यांत जास्त चुकतं ते हेच. गिलावा करून गुळगुळीत करायचा मोह गवंड्यांना होतोच, तो आवरावा.

पाईपची पूर वाहून नेण्याची क्षमता यात घटते. ही बुडीत फरशी असल्याने चाललं, उंच रस्त्याखालच्या मोरीला हा सल्ला जसाच्या तसा देता येणार नाही. नवी मोरी घालायची असेल तर ही कसरतच नको. न्यूझीलंडच्या २०२० च्या मानकात पाईपच्या व्यासाचा किमान चौथा हिस्सा तळाखाली गाडायचा असतो आणि तीन मीटरपर्यंतच्या ओढ्याला मोरीची रुंदी काठोकाठ भरलेल्या पात्राच्या १.३ पट ठेवायची असते. आत खडी साठते आणि मासा ओढ्यातूनच गेल्यासारखा जातो.

दोन ओळी जाळ्यांबद्दलही लिहिल्या: वलगणीचे दिवस फरशीच्या वर-खाली वीस मीटरांत पाग टाकू नये, असं ग्रामसभेनेच ठरवावं. आणि एक ओळ खालच्या नदीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याबद्दल. त्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाआधी काढायचे असतात. ते राहिले तर इथवर मासा येणारच नाही, मग पायऱ्या दहाच्या असोत की पंधराच्या.

पाचव्या दिवशी पुन्हा लोंढा आला आणि वरचे दोन बांध घेऊन गेला. प्लॅस्टिकच्या गोण्या ओढ्यात सोडायच्या नाहीत, म्हणून पाणी उतरल्यावर गावातली पोरं काठाने शोधत गेली. मोजून घातल्या होत्या १२०. परत आल्या ११७.