एकास चार आणि एकास एक

पुण्यातल्या आमच्या जुन्या सदनिकेच्या स्वयंपाकघराचे काम काढल्यापासून घरात इतकी निरनिराळी मापे कानावर पडत आहेत की, ती एकदा नीट लिहून काढावीत असे वाटू लागले. वाळू ब्रासने येते, सिमेंट गोणीने येते, फरशी बसवण्याची मजुरी चौरस फुटाने ठरते, ग्रॅनाइटच्या कडेची गोलाई रनिंग फुटाने, तर विजेचे आणि नळाचे काम पॉइंटने मोजले जाते. वायरची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये सांगतात, सांडपाण्याचा पाइप इंचात सांगतात आणि सुतार इंचाच्याही खाली उतरून सुतात बोलतो. या सगळ्या धबडग्यात शेजारच्या खोलीत मांडलेल्या शेगडीवर आमचा रोजचा स्वयंपाक मात्र वाटी, मूठ आणि चिमूट यांवरच चालू आहे.

हे सगळे जवळून पाहताना माझे एक मत पक्के झाले आहे. जे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच हातात राहते, त्याला प्रमाण पुरते. काम एका हातातून दुसऱ्या हातात जाते तिथे एकक लागते, आणि घरातली बहुतेक ओढाताण याच सांध्यावर होते.

आमचे गवंडी गिलाव्याला ‘एकास चार’चा माल लावतात आणि विटांच्या बांधकामाला ‘एकास सहा’चा. म्हणजे एक भाग सिमेंट आणि चार किंवा सहा भाग वाळू. सिमेंटची गोणी ५० किलोची असते, तिचे आकारमान साधारण ३५ लिटर भरते. पण हे आकडे त्यांना लागतच नाहीत. त्यांचे माप घमेले. घमेले लहान असो की मोठे, सिमेंट आणि वाळू एकाच घमेल्याने मोजली की प्रमाण राखले जाते. माझ्या सासूबाई उकडीच्या मोदकांसाठी ज्या वाटीने पिठी घेतात त्याच वाटीने पाणी घेतात, जेवढ्यास तेवढे. पुरणाला डाळ आणि गूळ एकास एक. चकलीच्या भाजणीला चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ आणि एक वाटी उडदाची. त्यांची वाटी किती मिलिलिटरची आहे हे त्यांना कोणी कधी विचारले नाही, आणि विचारण्याचे कारणही नव्हते.

तरीही प्रमाणाने काम करणाऱ्याला एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे मोजायच्या वस्तूची अवस्था. पावसाळ्यात वाळू ओली असली की गवंडी चार घमेल्यांवर आणखी थोडी वाळू टाकतात. मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “ताई, ओली वाळू फुगते.” हे अक्षरशः खरे आहे. बारीक वाळूत ५-६ टक्के ओलावा असला की दाण्यांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, दाणे एकमेकांपासून दूर राहतात आणि वाळूचे आकारमान २० ते ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकते. हीच वाळू पूर्ण पाण्याखाली बुडवली तर ती पुन्हा खाली बसते. त्यामुळे ओल्या वाळूची चार घमेली घेतली तर प्रत्यक्षात वाळू कमी पडते, माल सिमेंटने जास्त होतो आणि गिलावा वाळताना त्याला बारीक तडे जातात. स्वयंपाकघरात हीच काळजी पिठाची घ्यावी लागते. चाळून हलके झालेले पीठ आणि डब्यात दाबून बसलेले पीठ एकाच वाटीने मोजले तरी वजनात चांगलाच फरक पडतो, आणि उकड सैल किंवा कोरडी होण्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते. ‘अंदाजाने’ हा शब्द आपण फार सहज वापरतो, पण त्या अंदाजात वाळूचा ओलावा, पिठाचा हलकेपणा, तांदूळ जुना की नवा, असे कितीतरी हिशेब झालेले असतात. हे ज्ञान आहे, आणि त्याला ज्ञान म्हणूनच मान मिळायला हवा असे मला मनापासून वाटते.

आता सांध्याकडे वळते. आमच्या स्वयंपाकघराची एक भिंत बरोबर दहा फुटांची आहे. फरशी ‘दोन बाय दोन’ची घेतली. दहा फुटांत दोन फुटांच्या पाच फरशा बसल्या पाहिजेत, हे शाळकरी गणित. प्रत्यक्षात दुकानदार जिला दोन बाय दोन म्हणतो ती फरशी कारखान्यात ६०० मिलिमीटरची बनते, आणि इंच नेमका २५.४ मिलिमीटरचा असल्यामुळे दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर होतात. पाच फरशांचे ३००० मिलिमीटर, मधल्या सांध्यांचे दोन-दोन धरून आणखी ८. भिंत मात्र ३०४८. उरली चार सेंटिमीटरची पट्टी. गवंड्यांनी फरशा नुसत्या मांडून पाहिल्या आणि मला बोलावून विचारले, “पट्टी कुठं टाकायची ताई, दारात की ओट्याखाली?” दुसरा मार्ग त्यांनीच सांगितला: मध्ये चार अख्ख्या फरशा ठेवायच्या आणि दोन्ही टोकांना सुमारे ३२-३२ सेंटिमीटरचे तुकडे लावायचे. दिसायला तो उत्तम, पण ३२ सेंटिमीटरचा तुकडा कापल्यावर उरलेला भाग दुसऱ्या टोकाला पुरत नाही, म्हणून प्रत्येक ओळीला एक फरशी जास्त जाते. ओट्याखालची जागा ट्रॉल्यांनी झाकली जाणार होती, म्हणून पट्टी तिकडे टाकली. बैठकीच्या खोलीत असते तर मी जास्तीच्या फरशा घेऊन दोन्हीकडे सारखे तुकडे लावायला सांगितले असते, कारण तिथे ती पट्टी रोज डोळ्यांना बोचली असती.

खोक्यांचा हिशेबही याच फरकाने बदलतो. चार फरशांच्या खोक्यावर १.४४ चौरस मीटर असे छापलेले असते, म्हणजे साधारण १५.५ चौरस फूट. बोलण्यातल्या दोन बाय दोनने ते १६ होतात. तीनशे चौरस फुटांना १६ च्या हिशेबाने १९ खोकी पुरतील असे वाटते, १५.५ च्या हिशेबाने ती पुरत नाहीत, आणि त्यावर तोडमोडीचे ५ ते १० टक्के वेगळे धरावे लागतात. नंतर आणलेल्या खोक्यांचा बॅच वेगळा निघाला तर रंगाची छटाही किंचित वेगळी येते, म्हणून हा हिशेब खरेदीपूर्वीच खोक्यावरच्या चौरस मीटरने करावा, दुकानात सांगितलेल्या फुटांनी करू नये.

ट्रॉल्यांचेही तेच. आठ फुटांचा ओटा म्हणजे २४३८ मिलिमीटर; ६०० च्या चार चौकटी बसवल्या की दीड इंच उरतो आणि तिथे लाकडाची चीप बसते. प्लायवूड १८ मिलिमीटरचे असते, पण सुतार त्याला पाऊण इंचीच म्हणतात. हा एक मिलिमीटरचा फरक दोन्ही बाजू मिळून कपाटाच्या आतल्या मापात दोन मिलिमीटर होतो, आणि तयार विकत आणलेली ट्रॉली घासते की सहज सरकते हे त्या दोन मिलिमीटरवर ठरते. आमचे सुतारकाका म्हणूनच प्लायच्या कडेला आधी पट्टी लावून पाहतात आणि मग पेन्सिलने मापे लिहितात: फूट, इंच आणि सूत. आठ सुतांचा इंच.

फूट आणि इंच इतकी वर्षे का टिकले असावेत, याचा मी विचार केला. सवय हे कारण आहेच, पण मला वाटते, आपले अपूर्णांक त्यांच्याशी फार छान जुळतात. फुटाचे बारा इंच असल्यामुळे पाव फूट तीन इंच, पाऊण फूट नऊ, सव्वा फूट पंधरा, दीड फूट अठरा. कुठेही उरणे-सुरणे नाही. ज्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे पाढे घोकले, त्या पिढीच्या डोक्यात ही मापे आपोआप बसत. कायद्याने आता घराचे चटईक्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहावे लागते आणि करारपत्रात ते तसेच लिहिलेले असते, तरी घर घेणारा माणूस त्याला १०.७६४ ने गुणल्याशिवाय शांत होत नाही.

ओट्याच्या उंचीला मात्र कोणतेही छापील माप लागू पडले नाही. सर्वसाधारणपणे ओटा ३२ ते ३४ इंचांचा करतात. उभे राहून कोपरात हात वाकवला असता कोपर जिथे येते त्याच्या चार ते सहा इंच खाली कामाची पातळी असावी, असा एक ठोकताळा आहे. सासूबाईंची उंची माझ्यापेक्षा बरीच कमी, आणि शेगडीमुळे पातेले आणखी वर जाते. शेवटी सुतारकाकांनी प्लायचे तुकडे एकावर एक रचले, वर पोळपाट ठेवला आणि सासूबाईंना पोळ्या लाटायला सांगितले. एक तुकडा काढ, दुसरा घाल, असे करत त्यांचे खांदे वर न चढता लाटणे फिरू लागले, त्या उंचीवर काकांनी टेप लावला. पोळ्यांसाठीचा सरकता फळा त्याच मापाने ओट्यापेक्षा खाली बसवला आहे. शिवकालीन जमीनमोजणीत पाच हात आणि पाच मुठींची काठी धरत, पण हात चौदा तसूंचा (तसू हे लांबीचे जुने लहान माप) आणि सारी काठी ब्याऐंशी तसूंची ठरवून दिलेली होती. माप शरीरावरून घ्यायचे आणि मग ते सर्वांसाठी एका काठीवर पक्के करायचे, ही रीत मला अतिशय शहाणपणाची वाटते.

माळा रिकामा करताना सासूबाईंच्या आईची पाककृतींची वही सापडली. गोड्या मसाल्याच्या पानावर लिहिले आहे: ‘धने एक मापटे, खसखस पाच तोळे, दगडफूल एक तोळा’. घराण्याचा मसाला आपल्या हातून जसाच्या तसा पुढे जावा, ही माझी फार इच्छा होती, म्हणून मी हे पान बारकाईने सोडवायला बसले. तोळा ११.६६ ग्रॅमचा आणि ८० तोळ्यांचा शेर, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. हे झाले वजन. मापटे म्हणजे अर्धा शेर खरा, पण तो धान्य मोजायचा शेर, ज्याचे चार झाले की पायली होते. ते आकारमान आहे. सगळे जिन्नस तोळ्यांत असते तर आजच्या सराफी दहा ग्रॅमच्या तोळ्यानेही प्रमाण तसेच राहिले असते. इथे वजन आणि आकारमान एकाच ओळीत आले आहेत, त्यामुळे प्रमाणावर विसंबून चालत नाही. मापट्याला अर्धा शेर वजन समजून ४६६ ग्रॅम धने घातले असते तर मसाला नुसता धन्याचा झाला असता. सुदैवाने ते पितळी मापटेही माळ्यावरच होते. धन्यांनी शिगोशीग भरून काट्यावर रिकामे केले, तेव्हा दीडशे ग्रॅमच्या आसपास भरले. धने हलके आणि पोकळ असतात. त्याच मापट्यात तांदूळ याच्या दुपटीहून अधिक वजनाचे बसतात.

वजने बदलणारा दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा, नवे पैसे आले ते १ एप्रिल १९५७ पासून, आणि किलोची वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने येत १९६२ मध्ये सक्तीची झाली. वहीत हा बदल स्पष्ट दिसतो: पुढच्या पानांवर शाई बदलते आणि छटाकाच्या जागी ग्रॅम येतात. मंडईत पावशेर हा शब्द अजून चालतो, पण हातात २५० ग्रॅमच पडतात, जुने २३३ नव्हेत. आकारमान आणि वजनाचा हा घोळ आजही संपलेला नाही. तेलाच्या एक लिटरच्या पिशवीत सुमारे ९१० ग्रॅम तेल असते, त्यामुळे १५ लिटरचा डबा आणि १५ किलोचा डबा यांत सुमारे १.३५ किलोचा फरक पडतो, आणि भावाची तुलना करताना तो धरायलाच हवा.

वहीतली पाने मी आता नव्याने लिहून काढते आहे. वाटी म्हणजे आमची १५० मिलिलिटरची वाटी, हे पहिल्याच पानावर लिहिले. काही पाककृती अमेरिकेत राहणाऱ्या भाचीला पाठवल्या, तेव्हा तिने विचारले, “मावशी, माझ्याकडचा कप २४० मिलिलिटरचा आहे, तो चालेल का?” मोदकांच्या उकडीला आणि पुरणाला तो खुशाल चालेल असे मी तिला कळवले, कारण दोन्हीकडे तोच कप वापरायचा आहे, भाजणीलाही चालेल. गोड्या मसाल्यासाठी मात्र तिने काटा घ्यावा, आणि तोही एक ग्रॅमपर्यंत नीट दाखवणारा, कारण दगडफूल थोडे जरी जास्त पडले तरी सगळ्या मसाल्याला कडवटपणा येतो.