नोव्हेंबरच्या आधीच लागणारा निकाल

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील बहुमत पक्षाचे नेते एरिक कँटर १० जून २०१४ रोजी व्हर्जिनियातील स्वतःच्या मतदारसंघात, रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरीमध्ये, डेव्ह ब्रॅट या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडून हरले. त्या दिवशी जेमतेम ६५ हजार मते पडली होती. त्याच मतदारसंघात नोव्हेंबरमधल्या मुख्य निवडणुकीत २ लाख ४० हजारांहून अधिक मतदान झाले आणि ब्रॅट सहज निवडून आले. मतदारसंघ रिपब्लिकनांचा बालेकिल्ला असल्यामुळे खरा निर्णय जूनमध्येच होऊन गेला होता. गंमत म्हणजे हे ६५ हजारसुद्धा दोन वर्षांपूर्वीच्या प्रायमरीच्या मानाने बरेच जास्त होते.

अध्यक्षपदाच्या वर्षातही चित्र फार वेगळे नसते. २००८ मध्ये ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांची डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठीची लढत जूनपर्यंत रंगली, तरी दोन्ही पक्षांच्या प्रायमरी मिळून मतदानास पात्र असलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के लोकांनीच मतदान केले. २०१६ मध्येही प्रमाण त्याच्याच आसपास राहिले. या दोन्ही वर्षी नोव्हेंबरमधला टक्का साठीच्या घरात होता. मध्यावधी निवडणुकांच्या, म्हणजे अध्यक्षपदाची निवडणूक नसलेल्या, वर्षी तर प्रायमरीला साधारण पाचातला एक मतदार येतो. उमेदवारी पुढाऱ्यांच्या हातून काढून लोकांच्या हाती द्यावी, या हेतूने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विस्कॉन्सिनसारख्या राज्यांनी ही पद्धत स्वीकारली. १९६८ मध्ये एकाही प्रायमरीत न उतरता ह्यूबर्ट हम्फ्री डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले, त्यावरून उठलेल्या वादळानंतर अध्यक्षपदासाठीही तीच निर्णायक ठरली. ज्यांच्यासाठी हा खटाटोप झाला, त्यांतले बहुतेक लोक मात्र येतच नाहीत.

याचे खापर मतदारांच्या आळसावर फोडले जाते, आणि ते मला पटत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिणेकडील राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षाला आव्हानच नव्हते, त्यामुळे त्या पक्षाची प्रायमरी हीच खरी निवडणूक असे आणि तिथे अनेकदा प्रायमरीला नोव्हेंबरपेक्षा जास्त मते पडत. निर्णय कुठे होतो हे लोकांना नेमके ठाऊक होते. कृष्णवर्णीयांना या प्रायमरीतून वगळण्याची टेक्सासमधील तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये रद्द केली. तिच्यावरून दोन्ही बाजू इतक्या निकराने झगडल्या, कारण प्रायमरीबाहेर राहणे म्हणजे निवडणुकीबाहेरच राहणे होते.

आज अडथळे वेगळ्या जातीचे आहेत आणि त्यांतले बरेचसे नियमांनीच उभे केलेले आहेत. न्यूयॉर्कचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. २०१६ मध्ये त्या राज्यात अध्यक्षपदाची प्रायमरी एप्रिलमध्ये, अमेरिकी काँग्रेसची (संसदेची) जूनमध्ये आणि राज्याच्या विधिमंडळाची सप्टेंबरमध्ये झाली, म्हणजे नोव्हेंबर धरून चार वेळा मतदान. शिवाय तिथली प्रायमरी बंद स्वरूपाची, म्हणजे फक्त त्या पक्षाचे मतदार म्हणून नोंद असलेल्यांसाठी. आणि ज्याची मतदार म्हणून आधीच नोंद होती, त्याला पक्षाची नोंद बदलण्यासाठी आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंतच मुदत होती. इव्हान्का आणि एरिक ट्रम्प यांनी ती मुदत चुकवली आणि त्यांना खुद्द वडिलांनाच मत देता आले नाही. उमेदवाराच्या घरात ही गत, तर प्रचार सुरू झाल्यावर जागा होणाऱ्या सामान्य मतदाराने काय करावे? २०१९ नंतर न्यूयॉर्कने मुदत फेब्रुवारीपर्यंत आणली आणि राज्याची व काँग्रेसची प्रायमरी जूनमध्ये एकत्र केली. हे आधीच व्हायला हवे होते.

दार उघडले की गर्दी होईल, हाही समज फार ताणू नये. कॅलिफोर्नियाने पक्षनिहाय प्रायमरी बंद करून, अध्यक्षपद वगळता, सर्व उमेदवार एकाच मतपत्रिकेवर आणले आणि त्यांतले पहिले दोन नोव्हेंबरमध्ये लढतील, अशी पद्धत २०१२ पासून राबवली. जून २०१४ मध्ये तिथे नोंदणीकृत मतदारांपैकी अवघ्या २५ टक्क्यांनी मतदान केले. दोन वर्षांनी, त्याच महिन्यात, हे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांवर गेले. नियम बदलला नव्हता, पण यावेळी मतपत्रिकेवर अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी क्लिंटन आणि बर्नी सँडर्स यांची नावे होती.

लढत नसेल तर मतदार कशासाठी येणार, हा प्रश्न टक्केवारीच्या चर्चेत मागे पडतो. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या चौदाव्या मतदारसंघात, डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी जो क्राउली या ज्येष्ठ नेत्याला हरवले, तेव्हा सुमारे ३० हजार मतांत एका सुरक्षित जागेचा निकाल लागला, याची पुष्कळ चर्चा झाली. क्राउली यांच्यासमोर २००४ नंतर प्रायमरीत कोणी उभेच राहिले नव्हते, याची मात्र फारशी झाली नाही. २००४ नंतर लगेच अठरा वर्षांचे झालेले तिथले डेमोक्रॅटिक मतदार तिशीला टेकले, तरी आपला काँग्रेसमधील प्रतिनिधी प्रायमरीत निवडण्याची संधी त्यांना एकदाही मिळाली नव्हती. आणि ती मिळाली, तेव्हा त्यांना जूनमधल्या एका मंगळवारी, आयुष्यात प्रथमच, त्यासाठी मतदान केंद्र शोधायचे होते.