होगा: आर्कान्सा नदीवरची एक टग

आजोबा मुंबई बंदरात टगवर, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या छोट्या बोटीवर, खलाशी होते. सुट्टीत ते आम्हाला भाऊच्या धक्क्यावर न्यायचे. आम्ही पोरं मोठ्या आगबोटींकडे बोटं दाखवायचो, आणि आजोबा त्यांच्या पुढ्यातल्या छोट्याशा टगकडे. "ती नसती तर ही धक्क्याला लागली नसती," एवढंच म्हणायचे. तेव्हापासून कुठल्याही बंदरात गेलो की माझी नजर आधी टग शोधते.

त्यामुळे नॉर्थ लिटल रॉकला 'होगा' आहे हे कळल्यावर जायचं ठरलेलंच होतं. डॅलसहून पाच तासांचा रस्ता. पहाटे थालीपीठं आणि थर्मासात चहा भरून घेतला, टेक्सारकानाला आर्कान्सा राज्याची हद्द ओलांडली आणि साडेअकराला नदीकाठी पोहोचलो. डिसेंबरातला शनिवार, ऊन कोवळं, पाणी मातकट. समुद्र इथून शेकडो मैल लांब, आणि काठाला चक्क एक पाणबुडी बांधलेली! ती 'रेझरबॅक'. तिच्या शेजारी होगा. आर्कान्सा इनलँड मेरीटाइम म्युझियमचा हा सगळा संसार.

लेकीने नाव वाचलं आणि विचारलं, "बाबा, काय होगा?" सू लोकांच्या भाषेत होगा म्हणजे मासा. अमेरिकन नौदल आपल्या टगना मूळ रहिवाशांच्या भाषांतली नावं देत असे, त्यातलंच हे एक.

टग अवघी शंभर फुटांची. न्यूयॉर्कच्या मॉरिस हाइट्समध्ये बांधली आणि १९४० च्या ३१ डिसेंबरला पाण्यात सोडली. तिथून पनामा कालव्यातून हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बर या नौदलाच्या तळावर रवानगी. काम आजोबांच्या टगचंच: जहाजं धक्क्याला लावायची, धक्क्यावरून काढायची. मागच्या डेकवर दोर अडकवायचे जाड लोखंडी खुंटे आहेत. मी बराच वेळ ते खुंटेच बघत राहिलो. टगची सगळी ताकद शेवटी तिथे येते. दोराला ताण बसला की त्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, तुटला तर माणूस कापतो, हे मला सातव्या वर्षी आजोबांनी शिकवलं होतं.

७ डिसेंबर १९४१, रविवार. सकाळी आठच्या सुमाराला जपानी विमानं आली. काही मिनिटांत होगा धक्क्यावरून निघाली. तिचा कप्तान जो मॅकमॅनस हा अधिकारी नव्हता, चीफ बोसन्स मेट होता. आपल्याकडच्या टगवर ज्याला सारंग म्हणतात, तो खलाशांचा म्होरक्या. त्याने आधी पाण्यात पडलेल्या दोघांना वर घेतलं, मग टग 'ॲरिझोना' या युद्धनौकेकडे वळवली.

ॲरिझोनाचं दारूकोठार तोवर उडालेलं होतं. त्या एका जहाजावर १,१७७ माणसं गेली. तिला खेटून 'व्हेस्टल' हे दुरुस्तीचं जहाज बांधलेलं, त्यालाही दोन बॉम्ब लागलेले, आणि भोवती पाण्यावर पसरलेलं तेल पेटलेलं. व्हेस्टलचा कमांडर कॅसिन यंग स्फोटाच्या धक्क्याने पाण्यात फेकला गेला होता. तो पोहत परत आला. लोक जहाज सोडून निघाले होते, त्यांना त्याने मागे फिरवलं. ॲरिझोनाशी बांधलेले दोर तोडले, होगाने नाळेला, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, दोर लावून व्हेस्टलचं तोंड आगीपासून ओढून काढलं. जळत्या तेलात शंभर फुटांची टग घालायची, तिथे थांबून दोर घ्यायचा, ताण बसेपर्यंत धीर धरायचा आणि मग ओढायचं. यातला प्रत्येक क्षण मला त्या खुंट्यांपाशी दिसत होता. यंगला पुढे मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च लष्करी पदक मिळालं. व्हेस्टल दुरुस्त झाली आणि पॅसिफिकमध्ये युद्ध संपेपर्यंत दुसऱ्यांची जहाजं दुरुस्त करत राहिली.

त्यानंतर 'नेव्हाडा'. त्या सकाळी नांगरवाड्यातून बाहेर पडू शकलेली ही एकटीच युद्धनौका. दुसऱ्या लाटेतली विमानं तिच्यावर तुटून पडली. ५८३ फुटांचं ते धूड चिंचोळ्या वाटेत बुडालं असतं तर सगळं बंदरच कोंडलं असतं, म्हणून तिला हॉस्पिटल पॉइंटला काठावर चढवली. होगा तिच्या डाव्या नाळेला जाऊन भिडली, पुढच्या डेकवरच्या आगीवर पाणी मारत राहिली, आणि मग तिला पलीकडच्या वायपियोच्या काठाला नेऊन टेकवायला हातभार लावला. त्या वेळचा एक फोटो प्रसिद्ध आहे: धुराने भरलेली प्रचंड नाळ आणि तिला चिकटलेली ही एवढीशी टग. हीच नेव्हाडा जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यासमोर उभी राहून तोफा डागत होती.

होगा मात्र परत फिरली, जळत्या युद्धनौकांच्या रांगेकडे. ॲरिझोनावर ती मंगळवारपर्यंत पाणी मारत होती. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत लागलेल्या आगीच्या गोष्टी ज्या घरात सांगितल्या जातात, त्या घरातल्या माणसाला बंदरातली आग म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल निमिट्झ यांनी मॅकमॅनस आणि त्याच्या माणसांच्या कामगिरीचा लेखी गौरव केला.

टगमध्येही दोन प्रकार. होगा बंदरातली. ताफ्याबरोबर भर समुद्रात जाणाऱ्या मोठ्या फ्लीट टग वेगळ्या, दोनशे फुटांच्या वर. त्यातल्या 'झूनी'ने नोव्हेंबर १९४४ मध्ये टॉर्पेडो लागलेली 'रीनो' ही क्रूझर १,५०० मैल ओढत पॅसिफिकमधल्या उलिथी बेटांना आणली. झूनी २०१७ साली मुद्दाम समुद्रात बुडवली, माशांसाठी कृत्रिम खडक म्हणून. ते वाचलं तेव्हा पोटात तुटलं होतं.

होगा वाचली याचं कारण तिला दुसरं आयुष्य मिळालं. १९४८ पासून ती कॅलिफोर्नियात ओकलंडच्या बंदराची आगीची बोट होती, १९९४ पर्यंत. मधल्या काळात, १९८९ साली, तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. पुढे काही वर्षं ती निवृत्त जहाजांच्या गर्दीत पडून होती, आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये मिसिसिपी आणि आर्कान्सा नद्यांमधून वर चढत इथे आली. शेजारची रेझरबॅक २ सप्टेंबर १९४५ ला टोकियोच्या उपसागरात शरणागतीच्या वेळी हजर होती. अमेरिका युद्धात ओढली गेली तो दिवस आणि युद्ध संपलं तो दिवस, दोन्हींच्या साक्षीदार इथे एकमेकींना लागून उभ्या आहेत. पाणबुडीत शिड्या उतरून फिरता येतं, लेकीला तेच जास्त आवडलं. मी मात्र दोनदा बाहेर येऊन टगपाशी उभा राहिलो.

संध्याकाळी जंक्शन ब्रिजवर चढलो. जुना रेल्वेचा पूल, आता पायी जाणाऱ्यांसाठी. वरून होगाचा फोटो काढला आणि गुहागरला बाबांना पाठवला. तिकडे पहाट झाली होती, पण बाबा लवकर उठतात. लगेच फोन आला. त्यांनी ना जहाजांची नावं विचारली, ना युद्धाचं काही.

"सारंग कोण होता रे तिचा?"

"मॅकमॅनस. जो मॅकमॅनस."

पलीकडून पेन शोधल्याचा आवाज आला. "थांब, लिहून घेतो."