आधी कागद, मग बाग

मी डब्लिनमध्ये टूर गाइडचं काम करते. पाहुण्यांना इथली हिरवळ, किल्ले, समुद्र बघायचा असतो आणि ते सगळं मी हौसेनं दाखवते. पण जमेल तेव्हा रॉसकॉमन परगण्यातल्या स्ट्रोक्सटाउन पार्क या जुन्या जमीनदारी वाड्यालाही नेतेच. तिथे बाग शेवटी दाखवायची, हा माझा हट्ट आहे.

मागच्या उन्हाळ्यात लेकीकडे आलेलं एक जोडपं माझ्या गाडीत होतं. काका सातगाव पठारावरचे बटाटा उत्पादक. "पोरी, राजवाडे पुष्कळ पाहिले. इथं शेती कुठं दिसंल?" असं त्यांनी वाटेतच विचारलं होतं.

स्ट्रोक्सटाउन हे मॅहन घराण्याचं घर. मधोमध मुख्य वाडा, दोन बाजूंना पंख, अठराव्या शतकातला डौल. नोकरमाणसं मालकांच्या नजरेस पडू नयेत म्हणून खालून भुयार काढलेलं. स्वयंपाकघरावर सज्जा आहे. मालकीणबाई तिथूनच आठवड्याचा मेन्यू खाली टाकायच्या, पायऱ्या उतरायचीसुद्धा गरज नाही. काकूंनी मान वर करून त्या सज्जाकडे बराच वेळ पाहिलं आणि एकच शब्द बोलल्या: "बाई गं!"

1979 मध्ये ही इस्टेट गावातल्याच जिम कॅलरी यांच्या गॅरेज-व्यवसायानं विकत घेतली, धंद्यासाठी जागा हवी म्हणून. पण इस्टेटीच्या कचेरीत जुन्या कागदांचे ढीग निघाले. त्यात क्लूनाहीच्या कुळांनी 22 ऑगस्ट 1846 रोजी लिहिलेला अर्ज होता. तो वाचून त्यांनी घर आणि कागद दोन्ही राखायचं ठरवलं. 1840 च्या दशकात बटाट्याचं पीक सडून आयर्लंडमध्ये महादुष्काळ पडला होता; त्याचं राष्ट्रीय संग्रहालय 1994 मध्ये इथल्या तबेल्यांत उघडलं. मला विचाराल तर या देशात कुणी केलेल्या सर्वांत मोलाच्या कामांपैकी हे एक आहे.

तो अर्ज मी काकांना मराठीत सांगितला. बायकामुलं आमच्या डोळ्यांदेखत उपाशी आहेत, त्यांचं रडणं आता सोसवत नाही, बटाटे सडलेत, धान्य नाही, असा मजकूर. काका लगेच म्हणाले, "करपा." मग त्यांनीच मला समजावलं. ढगाळ हवा, धुकं, पानावर काळपट डाग, पान उलटं केलं की पांढरी बुरशी. फवारणी चुकली तर दोन-चार दिवसांत फड बसतो आणि वास लांबून येतो. "आमच्याकडं औषध तरी आहे. यांच्याकडं काय होतं?" काहीच नव्हतं. गरीब कूळ वर्षभर जवळपास बटाट्यावरच जगायचं. धान्य पिकलं तरी ते खंड भरण्यासाठी विकलं जायचं.

"खंड माफ झाला का?" त्यांचा पुढचा प्रश्न.

मेजर डेनिस मॅहनला 1845 मध्ये इस्टेट मिळाली ती कर्ज आणि थकलेल्या खंडासकट. त्याच्या कारभाऱ्यानं हिशेब मांडला: कुळांना वर्षभर वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आश्रयगृहात, पोसण्यापेक्षा कॅनडाच्या जहाजात बसवणं जवळजवळ निम्म्या खर्चात होतं. 1847 च्या मे महिन्यात 1,490 माणसं रॉयल कालव्याच्या काठानं डब्लिनपर्यंत चालत गेली. आज त्या वाटेवर 165 किलोमीटरची पायवाट आहे आणि जागोजागी लहान मुलांचे ब्राँझचे जोडे ठेवलेत. डब्लिनहून लिव्हरपूल, तिथून जहाजानं क्वेबेक. त्यातली निम्म्याच्या आसपास माणसं मेली असं मानलं जातं. त्याच नोव्हेंबरच्या 2 तारखेला मॅहनला कुणीतरी गोळी घातली.

काका काचेसमोरून हललेच नाहीत. इंग्रजी येत नव्हतं, तरी त्या अक्षरांवरून ओळीनं बोट फिरवत राहिले.

मग बाग. चौफेर भिंतीतली सहा एकर जागा, 1990 च्या दशकात नव्यानं उभी केलेली. तिथला फुलझाडांचा लांबलचक ताटवा ब्रिटन-आयर्लंडमध्ये सर्वांत लांब म्हणून सांगतात. निळी डेल्फिनियम माणसाच्या उंचीची झाली होती. काकू खुलल्या, प्रत्येक झाडाचं नाव विचारत सुटल्या. ही बाग सुंदर आहे आणि तसं म्हणायला मला संकोच वाटत नाही. फक्त तिच्या भिंतीपलीकडे कोण राहत होतं, ते माहीत असताना ती बघावी.

काका मात्र बाकावर बसून होते. "जमीन शेवटी कुणाची झाली?"

मी 1903 च्या विंडहॅम कायद्याचं सांगितलं. सरकारनं कर्ज दिलं, जमीनदारांनी जमिनी विकल्या, कुळं मालक झाली.

"म्हणजे आपला कूळकायदाच की! आमच्या आज्याच्या नावावर सातबारा त्यातच झाला." पहिल्यांदाच त्यांचा चेहरा फुलला. "आणि हप्ते किती वर्षांचे?"

"साडेअडुसष्ट."

"म्हणजे आज्यानं घेतलेलं नातवानं फेडायचं," ते म्हणाले, आणि काकूंना हाक मारत उठले.