बरणीतला ड्रॉपर

विज्ञानाच्या सरांनी पाण्याने भरलेल्या बरणीत ड्रॉपर सोडला आणि तोंडावर फुग्याचं रबर ताणून बांधलं. रबर दाबलं की ड्रॉपर तळाशी, सोडलं की वर. "आत पाणी किती शिरतंय ते बघा," एवढंच सर म्हणाले. सातवीतला तो तास मला पुढे विशाखापट्टणमला, 'आयएनएस सातवाहन'मध्ये पाणबुडीचं प्रशिक्षण घेताना लख्ख आठवला. बॅलास्ट टाक्यांत समुद्र आत घेतला की पाणबुडी बुडी मारते, दाबाखालच्या हवेने तो बाहेर ढकलला की वर येते.

८ डिसेंबर १९६७ रोजी 'कलवरी' नौदलात दाखल झाली आणि आपलं पाणबुडी दल सुरू झालं. माझी पाणबुडी त्याच, सोव्हिएत बनावटीच्या फॉक्सट्रॉट वर्गातली. ९१ मीटर लांबी, त्यात पाऊणशे माणसं, यंत्रं, टॉर्पेडो आणि डिझेलचा वास. छातीवर डॉल्फिनचं चिन्ह, म्हणजे पाणबुडीवाला म्हणून पात्र ठरल्याची खूण, मिळण्याआधी प्रत्येक कप्प्यातल्या नळ्यांचा माग काढत हिंडायचं. मिट्ट काळोखातही हात नेमक्या व्हॉल्व्हवर पडला पाहिजे. बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. हवेत तो चार टक्क्यांच्या पुढे गेला तर एक ठिणगी पुरते. म्हणून काही वावगं दिसलं की सगळ्यात धाकट्या खलाशानेही तिथल्या तिथे ओरडून सांगायचं, समोर कप्तान असला तरी. मला ही शिस्त फार मोलाची वाटते.

नौदल सोडून मी एका कंपनीत गेलो, हुद्दे चढत गेलो. तिथे वाईट बातमी वर येता येता गुळगुळीत होई. एका यंत्रातला दोष पाळीवरच्या कामगारांना तीन आठवडे ठाऊक होता. माझ्या कानावर आला तेव्हा माल ग्राहकाकडे पोचला होता. दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी यंत्रांपाशी जाऊन उभा राहू लागलो. बरेच महिने कोणी बोललं नाही. मग एका फिटरने हाताला धरून गळकं सील दाखवलं. पगारवाढीपेक्षा तो दिवस मला मोठा वाटला.

निवृत्तीनंतर पुस्तक लिहिलं. शब्द मराठीच्या बाईंनी दिलेले. निबंधात जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते त्या लाल शाईने खोडत. पुस्तक आल्यावर माझ्या पाणबुडीवरच्या जुन्या मेकॅनिकचा फोन आला. "साहेब, तिसऱ्या प्रकरणातला व्हॉल्व्ह डावीकडे नाही, उजवीकडे आहे." डोळे मिटले, हात पुढे केला. त्याचं बरोबर होतं. दुसऱ्या आवृत्तीत तो उजवीकडे आहे.