अबार्थ पुंटो, ट्रॅक आणि उष्णतेचा हिशेब

फियाटने ऑक्टोबर २०१५ मध्ये अबार्थ पुंटो भारतात आणली, तेव्हा दहा लाखांच्या आत १४५ अश्वशक्ती देणारी दुसरी हॅचबॅक आपल्याकडे नव्हती. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीत १,३६८ सीसीचे टी-जेट टर्बो इंजिन, पाच गिअरांचा मॅन्युअल गिअरबॉक्स, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि आज दुर्मीळ झालेले हायड्रॉलिक स्टिअरिंग होते. विक्री मात्र बेताचीच झाली आणि २०१९ च्या सुमारास फियाटने इथला गाशा गुंडाळला. माझ्याकडे आलेली गाडी जुनी होती आणि पहिल्या मालकाने तिचा ईसीयू रीमॅप, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा प्रोग्राम बदलून घेतलेला होता. ज्या ट्यूनरने ते काम केले, त्याने बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब, सढळ हाताने वाढवला होता. पेट्रोल मात्र साधे ९१ ऑक्टेनचेच पडत राहिले होते; ऑक्टेन जितका जास्त, तितके पेट्रोल अवेळी पेटण्याला अधिक विरोध करते.

अशा गाडीचे काय होते, हे टी-जेटच्या जाणकारांना सांगायला नको. कमी आरपीएमवर, वरच्या गिअरमध्ये, पूर्ण थ्रॉटल दिला की सिलिंडरमधला दाब अचानक चढतो, हवा-पेट्रोलचे मिश्रण स्पार्कच्या आधी किंवा वेडेवाकडे पेटते आणि त्या नॉकिंगचा हादरा पिस्टनवरच्या पहिल्या व दुसऱ्या रिंगमधल्या अरुंद कडेला बसतो. ओतीव पिस्टनची ती कड, म्हणजे रिंग लँड, शेवटी तुटते. माझ्या गाडीच्या तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन इतरांपेक्षा बरेच कमी निघाले. लीक-डाऊन चाचणीत त्या सिलिंडरमध्ये हवा भरल्यावर डिपस्टिकच्या नळीतून फुसफुस स्पष्ट ऐकू येत होती, म्हणजे हवा व्हॉल्व्हमधून नव्हे, रिंगांजवळून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, उतरत होती. हेड उतरवून पिस्टन बाहेर काढल्यावर कडेचा तुकडा रिंगेसह हातात आला.

बोअरिंगचे, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत कातून रुंद करण्याचे काम मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात केले. तेलइंजिनांच्या काळापासून त्या पेठेने सिलिंडर, लायनर आणि क्रँक यांच्यावर हात बसवलेला आहे आणि तिथले मिस्त्री मिलिमीटरच्या शंभराव्या भागाविषयी आपण भाजीच्या भावाविषयी बोलावे तितक्या सहजतेने बोलतात. मूळ ७२ मिमीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७२.५ वर नेला. ८४ मिमी स्ट्रोकमुळे, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली धावेमुळे, इंजिन १,३८७ सीसीचे झाले, पण हे वाढीव १९ सीसी हा हेतू नव्हता, जखमी भिंत स्वच्छ करणे हा होता. पिस्टन फोर्ज्ड, म्हणजे ओतलेले नव्हे तर दाबून घडवलेले, घेतले आणि त्यातही ४०३२ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे. शर्यतीच्या इंजिनांत २६१८ मिश्रधातू अधिक लोकप्रिय असतो, कारण तो मार जास्त सोसतो. पण त्यात सिलिकॉन कमी असल्याने तो तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून भिंतीपासून जास्त मोकळीक मागतो आणि थंड असताना आत खडखडतो. ट्रॅक-डेची, म्हणजे हौशी चालक शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवतात त्या दिवसांसाठीची, गाडी वीस मिनिटे पळते, मग तासभर पिटमध्ये निवते, पुन्हा तापते. अशा सतत गरम-थंड होणाऱ्या इंजिनाला ४०३२ ची घट्ट बसण्याची सवय मला अधिक मोलाची वाटली.

रिंगांच्या टोकांमधली फट बसवणे हे या सगळ्या कामातले सर्वांत संथ काम होते. रिंग रिकाम्या बोअरमध्ये सरळ ढकलायची, फीलर गेजची पात टोकांमध्ये घालून पाहायची, बाहेर काढून एकाच टोकाला कानशीचे दोन हलके हात द्यायचे, कडेची बर, म्हणजे घासून उरलेली धातूची कूस, पुसायची आणि पुन्हा मोजायचे. टर्बो इंजिनात रिंग अधिक तापते आणि लांबते. फट अपुरी असेल तर टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग पुन्हा त्याच कडेवर जोर देते. वरच्या रिंगेला आम्ही ०.४० मिमी ठेवले. "जरा जादा झाली तर चालतंय, कमी झाली तर इंजिन परत हितंच येतंय," एवढेच मिस्त्रींचे त्यावर भाष्य होते.

नवा रीमॅप करताना मी ट्यूनरला ताकदीचा आकडा सांगितलाच नाही. अडीच हजार आरपीएमखाली बूस्ट दाबून ठेवायचा आणि ईसीयूचा प्रोग्राम ९५ ऑक्टेन गृहीत धरून बांधायचा, या दोनच अटी घातल्या. इंडियन ऑइलचे एक्सपी १०० हे शंभर ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर २०२० पासून पुण्या-मुंबईसह निवडक शहरांत आले; पण ते ट्रॅकच्या गावी मिळेलच असे धरून इंजिन ट्यून करणे म्हणजे बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. शंभर ऑक्टेन मिळाले तर ते सुरक्षेचे अंतर वाढवते, एवढेच त्याचे काम. साधारण १७० अश्वशक्तीवर आम्ही थांबलो.

थांबण्याचे कारण असे की ट्रॅकवर गाडी ताकदीअभावी क्वचितच बाद होते. ती उष्णतेने बाद होते. रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल काही सेकंद टिकतो, कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर मात्र २.१ किलोमीटरच्या फेरीमागून फेरी, दक्षिणेतल्या उन्हात, इंजिनाला उसंत मिळत नाही. मूळ इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली हवा थंड करणारा रेडिएटर, दोन-तीन फेऱ्यांत तापून बसतो, आत जाणारी हवा गरम होते आणि ईसीयू नॉकिंग टाळण्यासाठी स्पार्कचे टायमिंग मागे घेतो, म्हणजे ज्या ताकदीचे पैसे मोजले ती आपोआप नाहीशी होते. म्हणून बंपरमागे मोठा इंटरकूलर बसवला. ऑइल कूलर थर्मोस्टॅटसह घेतला, कारण त्याच्याविना तेल पहाटेच्या पहिल्या फेऱ्यांत थंडच राहते आणि थंड तेल हेही इंजिनाला अपायच करते. संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, आडव्या पट्ट्या जोडल्या, जेणेकरून लांब वळणात तेल एका बाजूला सरकून पंपाचे तोंड उघडे पडू नये.

ब्रेकवर मात्र कितीही लिहिले तरी कमीच. चालकासह साडेबाराशे किलोच्या आसपास भरणारी गाडी १५० वरून ७० वर आणताना ब्रेकना सुमारे साडेआठ लाख ज्यूल ऊर्जा गिळावी लागते. तेवढ्यात अडीच लिटर पाणी उकळीला येईल, आणि हे एकाच वळणाआधी. डॉट ४ प्रतीच्या ब्रेक फ्लुइडचा उत्कलनबिंदू नवेपणी किमान २३० अंश असतो, पण फ्लुइड हवेतला ओलावा शोषतो आणि मुरल्यावर तोच १५५ पर्यंत उतरू शकतो. कोकणातला एक पावसाळा बाहेर काढलेल्या गाडीचा फ्लुइड बदलल्याशिवाय ट्रॅकवर जाणे मला धाडस नव्हे, निष्काळजीपणा वाटतो. पेडल मऊ पडून खाली गेले तर फ्लुइड उकळला असे समजावे; पेडल टणक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून घसरले असे समजावे. दोन्ही दुखण्यांवरचे उपाय वेगळे आहेत. मी तीनशे अंशांपुढचा फ्लुइड, पोलादी जाळीच्या नळ्या, ट्रॅकचे पॅड आणि बंपरमधून डिस्कच्या मध्यापर्यंत हवा नेणारे पाइप बसवले. डिस्क मूळ मापाच्याच ठेवल्या. मोठ्या डिस्कसाठी मोठी चाके, मोठ्या चाकांसाठी जड टायर, हे चक्र मला नको होते.

सुट्या भागांची चिंता वाटली त्यापेक्षा कमी निघाली, कारण हेच टी-जेट युरोपात अबार्थ ५९५ मध्ये वर्षानुवर्षे वापरले गेले आहे. इंजिनाचे बहुतेक सारे इटलीहून मागवता येते, फक्त सीमाशुल्क भरताना डोळे मिटावेत. दरवाजाची काच किंवा बंपर मात्र भंगारबाजारातच शोधावे लागते.

कायद्याचा मुद्दा अनेक जण टाळतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात फरक पाडणारे बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले. त्यामुळे ही गाडी आता फ्लॅटबेडवरून, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर चढवूनच, ट्रॅकला जाते. खर्च झोंबतो, पण परतीच्या वाटेवर काही मोडले तर साताऱ्याच्या घाटात अडकून पडण्याची भीती उरत नाही.

सध्या तेलाचे तापमान पूर्ण सत्रभर ११५ अंशांच्या आसपास स्थिर राहते. उरलेली तक्रार पुढच्या चाकांची आहे: दुसऱ्या गिअरमध्ये घट्ट वळणातून बाहेर पडताना आतले चाक नुसते फिरते. मित्र लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल घे म्हणतात; गिअरबॉक्समध्ये बसणारा हा भाग एकाच चाकाला असे नुसते फिरू देत नाही. मी आधी कॅम्बर प्लेट लावून पुढच्या चाकांना अडीच अंश निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाच्या वरच्या कडेला आतल्या बाजूस कल, देणार आहे आणि १९५/५५ आर१६ मापातच अधिक पकडीचे टायर घेणार आहे. गिअरबॉक्स उघडण्याचा निर्णय त्यानंतर टायर कसे झिजतात ते पाहून घेईन.