डाव्या हातावरचं ज्वारीचं कणीस

टॅटूच्या पहिल्या स्केचमध्ये गहू होता. छान होता, खोटं कशाला बोलू. लांब कुसळं, दोन्ही बाजूंनी वेणीसारखे बसलेले दाणे, खाली एक बाकदार पान. मी टॅटूवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, "दादा, हा गहू आहे." त्याचं उत्तर आलं, "कुसळं कमी करू का मॅडम?"

कुसळं कमी केल्याने गव्हाची ज्वारी होत नाही, हे मी त्याला फोनवर सांगत बसले. मी कृषी खात्यात आहे, लातूर जिल्ह्यात. पीक कापणी प्रयोगाच्या, म्हणजे उतारा किती पडतो ते मोजायच्या, निमित्ताने रब्बीत ज्वारीच्या प्लॉटात उभं राहणं हे माझं काम. खरिपात इथे जिकडे बघावं तिकडे सोयाबीन. ज्वारी उरली ती रब्बीत, तीही घरच्या भाकरीपुरती आणि कडब्यापुरती. माझ्या भावाच्या रानात विहिरीकडेला अजून मालदांडी ज्वारी असते. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, रानात कडब्याची कोप (खोपटी) करून ज्यात पूजा मांडतो ती हीच ज्वारी. टॅटू काढायचा तर हीच, एवढं माझं नक्की होतं. बाकी सगळं ठरायचं होतं.

त्या पोराचा दोष नव्हता म्हणा. औसा रोडला त्याचं छोटं दुकान आहे, स्वतः उदगीरकडचा, वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. हात चांगला आहे, अक्षर तर फारच चांगलं. पण रेफरन्स शोधायला तो जिथे जातो तिथे धान्य म्हटलं की गहू नाहीतर बार्ली. २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, आम्ही गावोगाव बॅनर लावले, पण टॅटूवाल्यांपर्यंत ज्वारी काही पोचली नाही. मग मी भावाकडून एक पिकलेलं कणीस आणलं आणि कागदात गुंडाळून दुकानात नेऊन दिलं.

इथून खरं काम सुरू झालं. त्याने कणीस दिव्याखाली धरलं, फोटो काढले आणि मग सरळ मधून फोडलं. मला ते आवडलं. मधला दांडा, त्याला फुटलेल्या बारीक फांद्या, फांदीवर जोडीने बसणारी फुलं, त्यातल्या एकीत दाणा भरतो आणि दुसरी बहुधा वांझ राहते, दाणा तुसातून अर्धा बाहेर डोकावतो, हे सगळं मी दाखवत गेले आणि तो आयपॅडवर काढत गेला. जन्मभर भाकरी खाल्ली पण कणीस उघडून कधी बघितलं नव्हतं, असं म्हणाला. पुढचं स्केच आलं ते ज्वारीचंच होतं. कुठल्याही शेतकऱ्याने लांबून ओळखलं असतं.

आणि तेच स्केच तो काढायला तयार नव्हता.

"कागदावर बरोबर आहे, कातडीवर नाही," म्हणाला. एका कणसात दाणे हजाराच्या पुढे असतात. त्याने शंभर-दीडशे काढले होते, तरी वीतभर जागेत ते खेटून बसलेले. त्याचं म्हणणं असं की शाई कातडीच्या वरच्या थरात राहत नाही, तो थर झडत असतो. ती त्याच्या खालच्या थरात राहते आणि वर्षागणिक थोडी थोडी पसरते. रेघ जाड होते, दोन रेघांमधली फट बुजते. आज कणीस, दहा वर्षांनी काळा डाग. मी म्हटलं, मग दाणे कमी करशील तर ते विरळ, किडकं कणीस दिसेल. असल्या प्लॉटचा मी पंचनामा करते, हातावर कशाला गोंदवू? बराच वेळ हे चाललं. मला वाटत होतं त्याला कमी मेहनत हवी आहे, त्याला वाटत असणार की बाई ऐकणाऱ्यातली नाही.

वाद मिटवला आमच्या आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी. त्यांना डोळ्याच्या दवाखान्यात दाखवायचं होतं, म्हणून पुढच्या खेपेला त्या बरोबर होत्या. दुकानात बसल्या बसल्या भिंतीवरची वाघ-सिंहांची चित्रं बघून म्हणाल्या, "काय काढलालास रे लेकरा हे?" मग भाव विचारला. स्क्वेअर इंचाचा भाव ऐकून कपाळावर हात मारला. "आमच्या येळंला शेरभर जवारीवर हात भरून गोंदून द्यायच्या!" आणि पुरावा म्हणून पदर सारून हात पुढे केला.

त्यांच्या हातावर मनगटाच्या वर ठिपक्यांची तुळस आहे आणि तिच्याखाली त्यांच्या भावाचं नाव. लग्नाआधी जत्रेत गोंदलेलं, म्हणजे पन्नासच्या वर वर्षं झाली. पोरगं खुर्ची ओढून जवळ आलं, त्याने आजींची परवानगी घेतली आणि मोबाइलच्या उजेडात हात निरखला. नाव पूर्ण पसरलं आहे. निळसर हिरवी पट्टी, त्यात एखादी वेलांटी ओळखू येते तेवढीच. पण तुळस अजून तुळस आहे. ठिपके सुटे होते, मध्ये मोकळी कातडी होती, म्हणून ठिपके फुगले तरी एकमेकांत गेले नाहीत. (काळी शाई हिरवट का दिसते हेही त्याने सांगितलं. काजळीचा रंग काळाच राहतो, पण कातडीखालून बघताना उजेड असा विखुरतो की डोळ्याला तो निळा-हिरवा भासतो.)

मला जे तो बोलून पटवू शकला नव्हता ते आत्यांच्या हाताने पटलं. त्यालाही त्यातून वाट सुचली. कणसाची कड त्याने गोंदणासारख्या सुट्या, भरीव ठिपक्यांची केली, टोकाकडे विरळ होत जाणारी. मधे मोजके मोठे दाणे घेतले आणि ते रंगवलेच नाहीत. तुसाची काळी चंद्रकोर तेवढी काढायची, दाणा म्हणजे कोरी कातडी. मला आधी दाण्याला मोतिया पांढरा हवा होता. त्याने स्वतःच्या पोटरीवरचा जुना पांढरा दाखवला. पांढरा कसला, पिवळट व्रणासारखा काहीतरी. आपल्या सावळ्या कातडीवर तो टिकत नाही, आणि दाण्याचा रंग तुमच्या हातातच आहे की, म्हणाला. मी गप्प बसले.

एका गोष्टीत मात्र मी ऐकलं नाही. रीत अशी की हात खाली सोडला की चित्र समोरच्याला सुलटं दिसलं पाहिजे, म्हणजे कणसाचं टोक कोपराकडे. मला टोक मनगटाकडे हवं होतं. लिहिताना, गाडी चालवताना ते माझ्याकडून सुलटं दिसायला हवं. "फोटोत उलटं येईल," तो म्हणाला. येऊ दे. फोटो बघणाऱ्यांना भाकरी माझ्या घरची नाही खायची.

स्टेन्सिल, म्हणजे चित्राचा कच्चा छाप, लावताना त्याने मला हात लोंबता ठेवून उभं केलं. तरी पहिल्यांदा लावलेलं पुसलं. तळवा फिरवला की कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी पीळ खाते आणि सरळ धाट वाकडं होतं. शेवटी त्याने धाटालाच हलका बाक दिला आणि एक पात त्यावरून वळवली, म्हणजे हात कसाही फिरला तरी ते वाऱ्यावर कलल्यासारखं वाटतं.

हे सगळं फेब्रुवारीत उरकायचा त्याचाच आग्रह होता. माझं काम उन्हात, धुळीत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर, घामात ताजा टॅटू नीट भरत नाही. आधी एक फॉर्म भरून घेतला: साखर, रक्त पातळ करायच्या गोळ्या, काही ॲलर्जी. रक्तदान करता का, हेही विचारलं, कारण टॅटूनंतर वर्षभर रक्त घेत नाहीत. मी शिवजयंतीच्या शिबिरात रक्त देऊन आले आणि मगच तारीख घेतली. माझ्या आधी एक भरतीची तयारी करणारा पोरगा बसला होता, त्याला मानेवर नाव हवं होतं. लष्करात कोपर ते मनगट आतली बाजू आणि पंजाची पाठ एवढंच चालतं, असं सांगून याने त्याला परत पाठवलं. गिऱ्हाईक गेलं, पण माझा त्याच्यावरचा भरवसा तिथे पक्का झाला.

दुखण्याबद्दल सगळे विचारतात. दुखतं. मनगटाजवळ जास्त, मध्ये सहन होण्यासारखं. ठिपक्यांपेक्षा लांब रेघ जास्त झोंबते. सुयांचं पाकीट त्याने माझ्यासमोर फोडलं, हे महत्त्वाचं. नंतर खपली कोंड्यासारखी सुटली, खाज भयंकर सुटली, आणि आत्यांनी लावू पाहिलेली हळद मी लावू दिली नाही. त्यावरून घरात दोन दिवस अबोला.

एक ठिपका भरताना फिका पडला होता म्हणून टचअपला गेले तेव्हा आत्या परत बरोबर. या वेळी भाव विचारला नाही. भावाच्या नावावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे वाचता येईल असं करतूस का?" त्याने हात पुन्हा नीट बघितला. जुन्यावरून गिरवलं तर अजून काळं होईल, म्हणाला, पट्टीच्या खाली नवीन, मोठ्या अक्षरात काढू. पण कातडी पातळ झाली आहे आणि साखरेच्या गोळ्या चालू आहेत, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई लावणार नाही. वडिलांच्या पाट्यांसारखं टपोरं अक्षर काढून त्याने कागद आत्यांच्या हातात दिला. परवा साखर तपासायला रक्त दिलं आहे. आत्या रोज विचारतात, रिपोर्ट आला का.